झाकलेल्या गाडीचा रंग कसा गेला : रावेर तालुक्यातलं एक प्रकरण

लाल रंगाची सेडान, वय चार वर्षं, धाव जेमतेम अठरा हजार किलोमीटर. मालक रावेर तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावचे केळी बागायतदार. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मळ्यात जायला मोटरसायकल, बाजाराला मोटरसायकल. चारचाकी निघते ती लग्नकार्याला, जळगावच्या दवाखान्याला आणि मुलगा पुण्याहून आला की. एरवी ती अंगणात उभी, आणि उभी असली की झाकलेली. इतकी निगा राखलेली गाडी सावद्याला आमच्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये आली तेव्हा टप पांढुरका पडला होता, बॉनेटच्या कडा खरवडल्यासारख्या दिसत होत्या आणि आरशांची लाल टोपी मॅट झाली होती. अण्णांना एकच गोष्ट उमजत नव्हती. "गाडी तं झाकेल होती ना भो, मंग रंग कसा गेला?"

हाच प्रश्न आमच्याकडे खूप जण घेऊन येतात, आणि त्याचं उत्तर दुकानात कव्हर विकत घेताना कुणी देत नाही. म्हणून अण्णांना विचारून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आधी गाडी कुठे उभी राहायची ते पाहू, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. घराच्या पश्चिमेला मोकळं खळं, त्याच्या कडेला निंबाचं झाड, आणि झाड व ओटा यांच्यामध्ये गाडी. जमीन काळी, वर थोडा मुरूम टाकलेला. तोंड पश्चिमेला, त्यामुळे डावी बाजू कायम दक्षिणेकडे. रावेर साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर येतं, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे वर्षातून दोनदा दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो: एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा जुलैच्या मध्याला. दुसऱ्या वेळी आभाळ असतं, पण पहिल्या वेळी आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर असतो. त्या दिवसांत टप, बॉनेट आणि डिकीचं झाकण यांच्यावर ऊन सरळ उभं पडतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा तो डाव्या दारांवर येतो. चार वर्षं एकाच जागी एकाच दिशेला उभी राहणारी गाडी ऊन सगळीकडे सारखं खात नाही.

नुकसान नेमकं कुठे होतं

गाडी आधी नुसत्या पाण्याने, मग शाम्पूने धुतली आणि सावलीत घेतली. हातातली एलईडी टॉर्च तिरकी धरून एकेक पॅनल पाहिलं. रंगाचं नुकसान उन्हाचं आहे की आणखी कशाचं, ते ठिकाणावरून कळतं. ऊन सपाट भागाच्या मधोमध सर्वांत जास्त काम करतं. इथे बॉनेटचा मधला भाग धुतल्यावर जवळपास नव्यासारखा चमकत होता. खराबी सगळी उंचवट्यांवर होती: बॉनेटचे दोन्ही कोपरे, टपाचे चार कोपरे, डिकीची ओठासारखी कड, आरशांच्या टोप्या, मागच्या मडगार्डची फुगीर जागा. म्हणजे जिथे कापड ताणून बसतं, तिथेच. टॉर्च हलवली की त्या जागी बारीक, कमानीसारखे ओरखडे दिसायचे, एकावर एक, सगळे साधारण एकाच दिशेने. पश्चिमेचा वारा कापड जसं पुढे-मागे ओढतो, तशीच ती दिशा होती.

टपाची गोष्ट वेगळी होती. तिथे ओरखडे कमी, पण लाल रंगावर दुधट ढग. हा ढग एकसारखा नव्हता. त्यात हातभर लांबीच्या तीन-चार सरळ रेषा होत्या आणि त्या रेषांवर रंग स्वच्छ होता. वर जे काही झाकलं होतं त्याला घड्या होत्या. घडी जिथे उचललेली राहिली तिथे हवा खेळली, आणि जिथे टपाला चिकटून बसली तिथे रंग पांढरा पडला.

जाडी मोजायच्या यंत्राने सगळ्या पॅनलवर रीडिंग घेतलं. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण 100 ते 140 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. त्यात पत्र्याला लागून गंज अडवणारा थर, मग प्रायमर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर 35 ते 50 मायक्रॉनचं पारदर्शक लॅकर. अण्णांच्या गाडीचे आकडे याच हद्दीत होते, म्हणजे मधला लाल थर सुखरूप होता. मार बसला होता तो फक्त वरच्या लॅकरला. उन्हाने लाल रंग विटतो हे खरं आहे, जुन्या लाल गाड्या गुलाबी पडलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पण आताच्या गाड्यांच्या लॅकरमध्ये अतिनील किरण शोषणारी आणि त्यांनी सुरू केलेली मोडतोड थांबवणारी द्रव्यं घातलेली असतात. ते लॅकर चार वर्षांत असं हार मानत नाही.

माझं निदान त्यामुळे सरळ होतं, आणि अण्णांना ते पटायला वेळ लागला: रंग उन्हाने घालवला नव्हता, कव्हरने घालवला होता. उन्हाने खाल्लं होतं ते कव्हर.

पहिलं कव्हर

पहिलं कव्हर गाडीसोबत आलेलं होतं. चंदेरी, पातळ, आपण ज्याला पॅराशूट कापड म्हणतो ते. हे बहुतेक वेळा पॉलिस्टरचं टॅफेटा, म्हणजे साधं घट्ट विणलेलं पातळ कापड असतं, त्याच्या एका बाजूला पॉलियुरेथेनचा लेप आणि लेपात अॅल्युमिनियमची चंदेरी भुकटी. अशा कव्हरवर 190टी असा आकडा दिसतो. एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे आहेत, तो हा आकडा. धागा किती जाड, लेप किती, याबद्दल तो काही सांगत नाही.

अण्णांनी ते फेकलं नव्हतं, गोठ्यात गोणीत होतं. मी मागवून घेतलं. टपावर येणारा भाग उन्हाकडे धरला तर सुईच्या टोकाएवढी असंख्य भोकं दिसली. चंदेरी बाजूवरून तळहात फिरवला, हात राखाडी झाला. अंगठ्याने जरासा दाब दिला तर कापड फाटलं, आणि फाटताना आवाजही झाला नाही. त्याच कव्हरचा चाकाजवळचा, सावलीत राहिलेला भाग मात्र दोन्ही हातांनी ओढूनही फाटेना. कापड एकच, वय एक, फरक फक्त उन्हाचा.

असं का होतं ते केळीवाल्यांना समजावणं सोपं आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, तुटलेल्या टोकाला हवेतला ऑक्सिजन जाऊन बसतो आणि ही मोडतोड पुढे पसरत जाते. साखळ्या आखूड झाल्या की कापड कडक आणि ठिसूळ होतं. उष्णता या सगळ्याचा वेग वाढवते. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात? त्यात दोन-तीन टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळी, घातलेली असते. ती किरण स्वतः शोषते आणि नळी वर्षानुवर्षं वावरात उन्हात पडून राहते. तेच प्लास्टिक काजळीशिवाय वावरात ठेवलं तर दोन-चार हंगामांत हातात चुरा येईल. घडाला घालतो ती पांढरी स्कर्टिंग बॅग न विणलेल्या पॉलिप्रोपिलीनची असते. घड निसवल्यापासून कापणीपर्यंत टिकली की तिचं काम झालं. नंतर बांधावर पडलेली बॅग काही दिवसांत कशी भुरभुरते ते आपण पाहतोच. पॉलिप्रोपिलीन अतिनील किरणांपुढे मुळातच दुबळं. पॉलिस्टर त्या मानाने चांगलं, नायलॉन मजबूत असूनही उन्हाला तितकं टिकत नाही. जळगावच्या चटई कारखान्यांत काम केलेल्या माणसाला विचारा, प्लास्टिकच्या दाण्यात 'यूव्ही', म्हणजे अतिनील रोधक, घातलं की नाही यावर चटई किती काळ टिकणार ते तो सांगेल. कव्हर विकत घेताना मात्र आपण हे विचारत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात अण्णांचं कव्हर टपावर फाटलं. त्याआधीच लेप सुटायला लागला होता. फाटलेलं कव्हर फडफडतं, आणि फडफडणाऱ्या कव्हरखाली खळ्यातली धूळ शिरते. धुळीत वाळूचे कण असतात. वाळू म्हणजे क्वार्ट्झ. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर ते 7 वर येतं, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. जे कण काचेवर रेघ ओढू शकतात, त्यांच्यापुढे लॅकरचं काय चालणार? शिवाय गाडी धूळ झटकून झाकायची पद्धत आपल्याकडे आहे. झटकण्याने मोठी धूळ जाते, बारीक कण तिथेच राहतात, आणि वरून कव्हर ओढलं की ते रंगावरून घासत जातात.

हे कव्हर सर्वांना बसेल अशा मापाचं होतं, खाली फक्त इलास्टिक. इलास्टिक पहिल्याच उन्हाळ्यात ढिलं पडलं होतं. मेच्या अखेरीस वादळ सुटतं तेव्हा उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात; त्या वाऱ्यात ढिलं कव्हर रात्रभर गाडीवर आपटत राहतं. बॉनेटच्या कोपऱ्यांवरच्या कमानी मुख्यतः त्या दिवसांतल्या आहेत, असं मला ओरखड्यांच्या दिशेवरून वाटतं.

ताडपत्री

फाटलेल्या कव्हरच्या जागी अण्णांनी मक्यावर टाकायची ताडपत्री वापरली. मजबूत, घरात होती, पाण्याचा थेंब आत जात नाही. मृगाच्या आधी गाडी ताडपत्रीत गुंडाळली, नायलॉनच्या दोरीने आरशांवरून आणि बंपरखालून घट्ट आवळली. त्या पावसाळ्यात मुलाला सुट्टी मिळाली नाही आणि गाडी दीड-दोन महिने तशीच राहिली.

आपल्याकडची ताडपत्री म्हणजे एचडीपीई या प्लास्टिकच्या पट्ट्यांचं विणलेलं कापड आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकचा पातळ थर. पाणी आत येत नाही हे खरं, पण वाफही बाहेर जात नाही. गाडी काळ्या जमिनीवर उभी होती. ही जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उघडीप पडली की सोडत राहते. दिवसा ती वाफ गाडीखालून वर चढायची, ताडपत्रीत अडकायची, आणि रात्री पत्रा गार झाला की टपावर, बॉनेटवर, इंजिनच्या खोलीत दवासारखी उतरायची. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की आत वाफारा. टपाला चिकटलेल्या ताडपत्रीखालच्या लॅकरने हे पाणी आठवडेच्या आठवडे पिलं. दुधट ढग तो हाच. अण्णा म्हणत होते, पाऊस आत गेलाच नाही, आतून ताडपत्री कोरडी असायला हवी होती. पावसाचं पाणी वरून आलं नव्हतंच, ते जमिनीतून वर चढलं होतं.

याच दोन महिन्यांनी आणखी बरंच काही केलं. बॉनेटवर जिथे खडी लागून टवके गेले होते तिथे तपकिरी ठिपके आले. मागचे ब्रेक ड्रमला धरून बसले, कारण गाडी हँडब्रेक ओढून उभी होती. सीटबेल्टच्या पट्ट्यांवर बुरशी. आणि इंजिनमध्ये उंदरांनी घर केलं होतं, वायपरच्या पंपाची वायर कुरतडलेली. झाकलेली, अंधारी, न हलणारी गाडी उंदराला मनापासून आवडते, आणि खळ्याशेजारी त्यांना दाण्याचीही कमी नाही. उंदरांचा हा मुद्दा कव्हरच्या कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो.

ताडपत्रीचे दोरी ओवायचे पितळी डोळे डाव्या दारांवर आपटून तिथे छोटे अर्धचंद्र उमटले होते. दोरीखालच्या दोन्ही आरशांची टोपी इतकी खराब झाली होती की पुन्हा रंगवण्याशिवाय उपाय नव्हता.

मग झाकायचंच कशाला

अण्णांच्या मुलाने फोनवर हेच विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. उघडीच ठेवली असती तर लॅकर कदाचित जास्त चांगलं राहिलं असतं. पण गाडी म्हणजे फक्त रंग नव्हे. उघडी गाडी आपल्या उन्हात काय काय गमावते ते त्याला दाखवायला शेडमध्ये दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची पांढरी हॅचबॅक उभी होती, भुसावळला सहा-सात वर्षं उघड्यावर राहिलेली. रंग पांढरा म्हणून ठीक दिसत होता. पण हेडलाइट पिवळट आणि धुरकट, कारण ते पॉलिकार्बोनेटचे असतात आणि त्यांच्यावरचा रक्षक लेप एकदा उन्हाने गेला की आतलं प्लास्टिक पिवळं पडतं. दारांचं काळं बीडिंग राखाडी आणि कडक. वायपरच्या रबराला चिरा. टायरच्या बाजूंना बारीक भेगा, त्या उन्हाच्या जोडीने हवेतल्या ओझोनच्याही असतात. समोरच्या काचेला आतून तेलकट धुरी: डॅशबोर्ड तापला की त्यातली मऊ ठेवणारी द्रव्यं उडतात आणि काचेवर जाऊन बसतात.

बंद गाडी उन्हात तापते ती काचांमुळे. ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापवतं, आणि त्या तापलेल्या वस्तूंची उष्णता काचेतून तशी परत जात नाही. बाहेर 44 अंश असताना आतली हवा 60 च्या पुढे सहज जाते, डॅशबोर्ड त्याहून पुष्कळ वर. उजळ कव्हर हे ऊन काचेपर्यंत पोहोचूच देत नाही. समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते आणि तो पडदा बहुतेक अतिनील किरण अडवतो; दारांच्या काचांमध्ये तो नसतो, तिथून ते बऱ्यापैकी आत येतात. दक्षिणेकडची डावी सीट आधी का विटते याचं कारण हे.

त्यात निंबाचं झाड. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ, मग फुलोरा, जूनमध्ये निंबोळ्या, आणि बाराही महिने साळुंक्या आणि कावळे. पक्ष्यांच्या विष्ठेत यूरिक आम्ल असतं. तापलेलं लॅकर थोडं मऊ पडतं, त्यावर विष्ठा वाळून आकसते, आणि दोन दिवसांत पुसली नाही तर तिचा ठसा कायमचा राहतो. अण्णांच्या टपावर असे ठसे होते, पण फक्त एका पट्ट्यात: पहिलं कव्हर जिथे फाटलं होतं त्या फटीच्या आकारात. बाकी टपावर एकही नाही. कव्हर जोवर धड होतं तोवर त्याने आपलं काम चोख केलं होतं, याला यापेक्षा चांगला पुरावा मला नको.

नवं कव्हर निवडताना

अण्णांचा कल सर्वांत जाड, सर्वांत जलरोधक कव्हर घेण्याकडे होता. पैशांची अडचण नव्हती. माझं म्हणणं उलट होतं, आणि ते मी जोर देऊन मांडलं: आपल्या जिल्ह्यात वर्षाला पाऊस सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. ऊन आठ-नऊ महिने. गाडीच्या रंगाला पाऊस काही करत नाही, गाडी पावसात चालायलाच बनवलेली असते. मग कव्हर निवडताना पहिली कसोटी पाण्याची का लावायची? पहिली ऊन, दुसरी वारा, तिसरी आतलं अस्तर, चौथी वाफ बाहेर जाण्याची सोय, आणि पाणी त्यानंतर.

सावदा आणि जळगावच्या दुकानांतून नमुने आणले. रेक्झिनसारखं पीव्हीसीचं जड कव्हर पहिल्यांदा बाद झालं. त्यात मऊपणासाठी घातलेली द्रव्यं उन्हात उडून जातात आणि ते पापडासारखं कडक होतं, आणि वाफ ते ताडपत्रीसारखीच कोंडतं. सुती कव्हर अंगाला सर्वांत मऊ, घरात किंवा बंद गॅरेजमध्ये धुळीसाठी उत्तम. उघड्यावर ते दव आणि पाऊस पिऊन बसतं, जड होतं, बुरशी धरतं. न विणलेल्या पॉलिप्रोपिलीनचं अनेक थरांचं कव्हर वाफ सोडतं आणि आतून मऊ असतं, पण ते सारं त्यात अतिनील रोधक किती घातलंय यावर. दुकानदाराला ते सांगता आलं नाही, म्हणून तेही मागे पडलं. उरलं ते जाड पॉलिस्टरचं विणलेलं कापड, बाहेरून उजळ चंदेरी, आतून मऊ अस्तर लावलेलं. रंगाच्या द्रावणातूनच धागा काढलेलं अॅक्रिलिक कापड उन्हाला याहूनही चांगलं, पण ते इकडे सहज मिळत नाही आणि महाग पडतं.

खोक्यावर 'सात थर' असं छापलेलं एक कव्हर अण्णांच्या हाती लागलं. आम्ही ते उलटं केलं आणि शिवणीच्या आतली मोकळी कड बोटांत धरली. तिथे थर उघडे दिसतात, मोजता येतात. तिथे दोनच होते. कुठलंही कव्हर घेताना ही कड आधी पाहावी. मग कापडाला तोंड लावून फुंकर मारली: हवा थोडी तरी पलीकडे गेली पाहिजे. मोबाइलचा टॉर्च मागे धरून भोकं पाहिली. पांढरा रुमाल ओला करून अस्तरावर जोरात घासला, रंग उतरतो का ते कळायला. आणि शिवण: टपावरून जाणारी शिवण जितकी कमी तितकं चांगलं, कारण कापडाआधी दोरा कुजतो आणि सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं.

अण्णांच्या पत्नी, म्हणजे काकूंनी, मधेच विचारलेला प्रश्न सगळ्यात कामाचा होता. "हे रोज चढवीन कोण?" जाड कव्हरचं वजन त्यांनी उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. वापरायला जड जाणारं कव्हर चार दिवसांनी गोठ्यात जातं, नाहीतर कधीच न काढता महिनोन्महिने गाडीवर राहतं; दोन्ही वाईट. म्हणून दोन माणसांना सहज पेलेल असं मधल्या वजनाचं, त्याच मॉडेलच्या मापाचं, आरशांना खिसे असलेलं आणि पोटाखालून तीन पट्टे येणारं कव्हर ठरलं. पट्ट्यांचे बकल प्लास्टिकचेच घ्यायला लावले, धातूचं काहीही नको.

पण कव्हरपेक्षा मी जास्त आग्रह धरला तो सावलीचा. कव्हर हे सावलीला पर्याय नाही. ओट्याला लागून जीआय पाइपवर पत्र्याचं उतरतं शेड उभं केलं, खालची बाजूसुद्धा नऊ फुटांच्या वर ठेवली, कारण तापलेला पत्रा खालीही उष्णता फेकतो आणि गाडीला त्यापासून अंतर हवं. बाजू उघड्या ठेवल्या. फक्त पश्चिमेला, दुपारनंतरच्या उन्हासाठी, रोपवाटिकेतून उरलेली 75 टक्के सावलीची शेडनेट ताणली. खाली मुरूम काढून फरशी टाकली, म्हणजे जमिनीची ओल वर येणार नाही. या सगळ्याला कव्हरपेक्षा कितीतरी जास्त पैसे गेले, आणि माझ्या मते ते सर्वांत योग्य जागी गेले.

दुरुस्ती आणि त्यानंतर

टपाचा ढग आधी तसाच ठेवला. गाडी कोरड्या शेडमध्ये उघडी ठेवल्यावर आठवड्याभरात तो बराच विरला. लॅकरने पिलेलं पाणी निघून गेलं. जे राहिलं ते कंपाउंड आणि पॉलिशने बहुतेक गेलं. कोपऱ्यांवरचे ओरखडे 2000 नंबरच्या पाणीपेपरने हलके घासून मग पॉलिश केले, पण कडांवर लॅकर मुळातच पातळ असतं, तिथे हात आखडता घेतला आणि काही रेघा राहू दिल्या. सगळंच काढायला गेलो असतो तर खालचा लाल थर उघडा पडला असता. आरशांच्या टोप्या पुन्हा रंगवल्या, टवक्यांना टचअप केलं. पक्ष्यांचे दोन ठसे टपावर अजून आहेत आणि राहतील.

वापराची पद्धत अण्णांसोबत काकूंनाही दाखवली. गाडी धुऊन पूर्ण कोरडी झाल्याशिवाय कव्हर नाही. धुवायला वेळ नसेल तर धूळभरली गाडी शेडखाली उघडीच राहू द्यायची, ते परवडतं. बाहेरून आल्यावर अर्धा-पाऊण तास थांबायचं: पॉलिप्रोपिलीन 160-165 अंशांवर वितळतं, पॉलिस्टर अडीचशेच्या पुढे, आणि लांबून आलेल्या गाडीचा सायलेन्सर कापड बिघडवण्याइतका तापलेला असू शकतो. काढताना दोन्ही बाजू टपावर दुमडायच्या, मग मागून पुढे गुंडाळी करायची, म्हणजे बाहेरची धूळ आतल्या अस्तराला लागत नाही. हिवाळ्यात तापीकाठी दव पडतं, तेव्हा दहा-साडेदहाला कव्हर दोन तास काढून ठेवायचं. पावसाळ्यात शेड असताना कव्हर चढवायचंच नाही. हँडब्रेक ओढून न ठेवता गिअरमध्ये ठेवायची, चाकाला लाकडाचा ठोकळा. आणि आठवड्यातून एकदा गाडी चालवायची, निदान सावद्यापर्यंत. उंदरांवर यासारखा उपाय नाही.

चंदेरी बाजूवर धूळ बसली की ती राखाडी होते आणि ऊन परतवण्याऐवजी शोषायला लागते. म्हणून महिन्यातून एकदा कव्हर अंगणात पसरून साध्या पाण्याने आणि मऊ झाडूने धुवायचं, कपड्याच्या पावडरीत भिजवायचं नाही. ओलं कव्हर घडी करून डिकीत टाकायचं नाही; पॉलियुरेथेनचा लेप ऊब आणि ओल यांत चिकट होत जातो, आणि तो चिकटा नंतर रंगावर उतरतो.

एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर गाडी पुन्हा पाहिली. टप स्वच्छ, नवीन कमानी नाहीत. पहिल्याच वादळात पोटाखालचा मधला पट्टा निसटला होता, तो काकूंनी दुहेरी शिवून घेतला. उंदरांचं नामोनिशाण नव्हतं. कव्हरची पश्चिमेकडची बाजू, जिथे शेडनेट अर्धा फूट अपुरी पडते, तिथे मात्र आत्ताच फिकट आणि किंचित कडक लागते. अण्णांना त्याचं वाईट वाटलं. मी त्यांना सांगितलं की तेवढं ऊन त्या दाराने खाल्लेलं नाही, कव्हरने खाल्लं आहे, आणि त्यासाठीच ते घेतलं होतं. तीनेक उन्हाळ्यांनंतर ते बदलावं लागेल असा माझा अंदाज आहे; अंगठ्याने दाबल्यावर कापड फाटायला लागलं की त्याच दिवशी काढायचं, फाटलेलं एक दिवसही गाडीवर ठेवायचं नाही. शेडनेटचा तो अर्धा फूट येत्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत वाढवायचं ठरलं आहे.